कुजलेल्या नौकेचा वारस

शर्यत जिंकून कीर्ति मिळविणारे पुष्कळ असतात. परंतु त्या कीर्तीचें मूळ वडिलांच्या कुजलेल्या नौकेंत सांपडावें, असा फ्रान्सच्या एरिक ताबार्लीसारखा दर्यावर्दी विरळाच.

त्याचा जन्म १९३१ सालीं नाँत शहरीं झाला. १९३८ सालीं वडिलांनीं 'पेन द्युइक' ही शिडाची नौका विकत घेतली. तिची बांधणी १८९८ सालची. महायुद्धाच्या काळांत ती चिखलांत पडून कुजली. ताबार्ली पुढें आरमारांत शिरला, पण नौकेला विसरला नाहीं. १९५८ सालीं त्यानें त्या कुजक्या सांगाड्याचाच साचा केला, त्यावर काचतंतू व पॉलिएस्टर यांचे थर चढविले आणि नवें कवच सिद्ध केलें. लांकूड गेलें, पण घाट राहिला.

१९६४ सालीं इंग्लंडांतील प्लिमथपासून अमेरिकेंतील न्यूपोर्टपर्यंत एकट्यानें नौका हांकण्याची शर्यत झाली. तिच्यासाठीं त्यानें ४४ फुटी 'पेन द्युइक दुसरी' बांधविली. वाटेंत आपोआप सुकाणूं सांभाळणारें यंत्र मोडलें. निर्धास्त झोंपेची सोय संपली. तरीहि २७ दिवसांत अटलांटिक ओलांडून त्यानें १९६० सालचा विजेता चिचेस्टर याला जवळजवळ तीन दिवसांनीं मागें टाकलें.

१९७६ सालीं, बारा-चौदा खलाशांनीं हांकावयाची ७३ फुटी 'सहावी' त्यानें त्याच शर्यतींत एकट्यानें नेली. पुन्हां यंत्र बिघडलें. वादळांमागून वादळें आलीं. एकदां तो माघारीं वळलाहि. पण झोंप घेऊन पुन्हां पश्चिमेस निघाला. आपण पहिले आलों, हें त्याला न्यूपोर्टला पोहोंचल्यावरच कळलें.

जून १९९८ मध्यें, शंभर वर्षांची झालेली मूळ नौका घेऊन तो स्कॉटलंडकडे चालला होता. वेल्सच्या किनाऱ्यापासून कांहीं अंतरावर, रात्रीं शीड बदलतांना वरची काठी लागून तो समुद्रांत पडला. सोबत्यांनीं शोधलें, पण अंधारांत तो सांपडला नाहीं. त्याच्या अंगास सुरक्षेचा दोर नव्हता.

यास धैर्य म्हणावें कीं बेफिकिरी? नौकेचा घाट इतक्या मायेनें जपणाऱ्यानें आपला जीव दोरानें जपला नाहीं, ही उणीव त्याच्या चाहत्यांनींहि झांकूं नये. मात्र एकाकी रात्रीं यंत्र मोडलें असतां ज्यानें तक्रारीवांचून स्वतः सुकाणूं धरलें, त्याची थोरवी तिनें उणावत नाहीं. ती नौका आजहि शिडें उभारून समुद्रावर फिरते.