जुन्या जीपची ‘टक्’ कुठून येते?

आज हेडफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, कारण हा एपिसोड एका आवाजाबद्दल आहे.

चढावर जुनी जीप उभी केलीत. हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला. गाडी इंचभर मागे सरकली आणि खालून आवाज आला : टक्. पहिल्यांदा बसलेला माणूस दचकतो. गाडीचा मालक म्हणतो, “अरे, जुनी गाडी आहे, चालायचंच!”

खरंच चालायचं का? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

इंजिन गाडीच्या चौकटीला घट्ट बांधलेलं असतं, पण मागचा अॅक्सल खड्ड्यांबरोबर वरखाली उड्या मारतो. दोघांना जोडणारा फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, दोन्ही टोकांना वाकता यायला हवा. फिरायचं पण आणि वाकायचं पण! यावरची युक्ती मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन गणितज्ञाचं नाव तिला चिकटलंय. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ती खगोलाच्या उपकरणांसाठी वापरली. हो, तोच हूक, स्प्रिंगच्या नियमवाला. या सांध्याची एक खोडही तेव्हाच कळलेली होती. तो कोनात असताना एका बाजूला एकसारखी गती दिली, तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा रेंगाळते. कोन जितका मोठा, तितकी ही ओढाताण जास्त. हौसेने गाडी उंच करून घेतली आणि मग सीटखाली थरथर सुरू झाली, असं कुणी सांगितलं तर पहिला संशय इथे घ्यावा.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारी साखळीवर चालायच्या, सायकलसारख्या. धूळ, चिखल आणि सतत खडखडाट. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर या तरुणाने १९०३ मध्ये मोटारीसाठी बंदिस्त, वंगण धरून ठेवणाऱ्या सांध्याचं पेटंट मिळवलं. आपल्या गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात, तो याच घराण्यातला. गंमत बघा, साखळीच्या खडखडाटातून सुटका करणारा हा सांधा म्हातारा झाला की स्वतःच आवाज करायला लागतो.

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी तातडीने हवी होती. बॅन्टम या छोट्या कंपनीने ४९ दिवसांत नमुना उभा केला. पुढे विलीज आणि फोर्डने मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. पुढे एक शाफ्ट, मागे एक शाफ्ट, म्हणजे चार क्रॉस. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्यातलं उंच बॉनेटचं सीजे-३बी मॉडेल अमेरिकेत १९६८ पर्यंत बनलं, आपल्याकडे तर त्यानंतरही कित्येक वर्षं.

आता मुद्द्याचं. त्या मूळ जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो! त्याचा ड्रम असतो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या सुरुवातीला. ब्रेक शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना धरतो. मधल्या सांध्यांमध्ये आणि डिफरेन्शियलच्या दात्यांमध्ये जेवढी ढील, तेवढी गाडी सरकते आणि मग टक् होते. थोडीशी टक् ही त्या रचनेचा स्वभाव आहे. पण मागच्या शाफ्टचा क्रॉस तुटला, तर हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाकं मोकळी! नुसता गिअर टाकून ठेवला असेल, तर तोही त्याच शाफ्टमधून चाकांपर्यंत पोचतो. म्हणून उतारावर चाकाखाली दगड लावण्याची जुन्या ड्रायव्हर लोकांची सवय मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. नंतरच्या एसयूव्हींमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर गेला आणि हा धोका टळला.

बरं, क्रॉस अचानक मरत नाही, आधी सांगतो. हळू वेगात चिमणीसारखी चिर्र-चिर्र, वेगाबरोबर वाढणारी. म्हणजे आतलं ग्रीस संपलं. मग टोप्यांभोवती तांबूस गंजाची पूड दिसते. मग पहिल्या गिअरमधून रिव्हर्समध्ये जाताना टक्. शेवटी थरथर, आणि तिथे गाडी थांबवायचीच. पळत्या गाडीखाली पुढचं टोक सुटलेला शाफ्ट रस्त्यात रुतू शकतो.

घरी बघायचं असेल तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग हँडब्रेक सोडा आणि गिअर न्यूट्रल. सांध्याच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. दोन्ही बाजू एकत्र हलल्या तर ढील पुढे कुठेतरी आहे, स्प्लाइनमध्ये किंवा क्राऊन-पिनियनमध्ये. एक हलली आणि दुसरी जागीच राहिली, तर क्रॉस गेला. नुसतं डोक्यावर जॅक लावून खाली शिरू नका, प्लीज.

बाकीचे आवाज थोडक्यात. खड्ड्यातली कुरकुर पाट्यांची. हे पाटे घोडागाडीकडून आलेत, इंग्लंडमध्ये १८०४ साली त्यांचं पेटंट झालं. पाट्यांमधली घासण धक्का जिरवायलाही मदत करते, त्यामुळे कुरकुरीला घाबरू नका, फक्त बुश आणि शॅकल बघा. अॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, तर डिफरेन्शियल. वळणावर घुंईं वाढते-कमी होते, तर चाकाचं बेअरिंग.

आणि मेकॅनिककडे गेलात की “आवाज येतोय” एवढंच सांगू नका. कधी येतो ते सांगा. वेगाबरोबर वाढतो, इंजिनच्या आरपीएमबरोबर, की फक्त गिअर बदलताना? फोनवर रेकॉर्ड करून नेलंत तर आणखी चांगलं, पण खिडक्या उघड्या आणि गाणी बंद!