उजळणी प्रशिक्षण (प्रौढ साक्षरता)

साक्षरता वर्ग काही आठवडे चालवून झाल्यावर स्वयंसेवक शिक्षकांना पुन्हा एकत्र बोलावून दिले जाणारे प्रशिक्षण. ५ मे १९८८ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाच्या अध्यापनपद्धतीत सुमारे २०० तासांचा अभ्यासक्रम तीन क्रमवार प्रवेशिकांत विभागलेला होता, प्रत्येक प्रवेशिकेतच तीन चाचण्या होत्या आणि स्वयंसेवकांचे प्रशिक्षणही एकदाच न उरकता या टप्प्यांशी जोडलेले होते. संसाधन व्यक्तींनी मुख्य प्रशिक्षकांना व त्यांनी गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवायचे, अशी ही उतरंड असे. खाली येताना प्रशिक्षणाचा कस उतरत जाणे ही तिची मोठी उणीव होय.

आरंभीच्या प्रशिक्षणात स्वयंसेवक बहुधा ऐकून घेतो, कारण विचारण्याजोगे प्रश्न त्याच्यापाशी अजून नसतात. ते वर्गात उभे राहतात: एखादी बाई जोडाक्षरांपाशी अडते, एखाद्याला चाळिशीमुळे बारीक अक्षरच दिसत नाही, आठवडी बाजारात तोंडी हिशेब बिनचूक करणारा माणूस तोच हिशेब कागदावर मांडताना बिचकतो. परिचित शब्द घेऊन त्यातून अक्षराकडे जाण्याची पद्धत मागे पडून शाळेतल्यासारखी बाराखडी घोकून घेणे सुरू होते, तेही याच काळात. म्हणून उजळणीचा आरंभ व्याख्यानाने न होता स्वयंसेवकांनी आणलेल्या अडचणींनी व्हावा, हेच योग्य.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत या अडचणींना भाषेचे आणि हंगामाचे अस्तर आहे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवट-माहूर भागात गोंडी व कोलामी, तर तांड्यांवर बंजारा बोली घरात बोलली जात असल्याने प्रवेशिकेतील प्रमाण मराठी शब्द अनेक प्रौढांना परिचित नसतो, आणि त्याला बोलीतला पर्याय कसा जोडावा हे त्या त्या गावच्या स्वयंसेवकांनीच एकमेकांना सांगावे लागते. मुखेड-कंधारच्या डोंगरी पट्ट्यातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अर्धवट सुटलेला वर्ग पुन्हा कोठून धरावा, हा उजळणीतला वेगळा विषय होतो.

‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२–२७) विनामानधन स्वयंसेवकांना ‘दीक्षा’ या शासकीय डिजिटल शिक्षणमंचावरील चित्रफितींची जोड मिळाली, पण चित्रफीत उलट प्रश्न ऐकत नाही, त्यामुळे केंद्रस्तरावरील प्रत्यक्ष बैठकीला ती पर्याय ठरत नाही. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी झालेली या कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची होती आणि तीत वाचन, लेखन व संख्याज्ञान स्वतंत्रपणे तपासले गेले. या तीन भागांत कोण कोठे मागे राहिले, ती यादीच पुढील उजळणी वर्गाचे पहिले साहित्य मानली जावी.