फेफऱ्याच्या वेशीवर

२५ मे १८८६. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये लकवा आणि फेफऱ्याच्या रुग्णांसाठी काढलेलं एक हॉस्पिटल होतं. तिथे व्हिक्टर हॉर्स्ली या २९ वर्षांच्या सर्जनने जेम्स बी. नावाच्या २२ वर्षांच्या तरुणाची कवटी उघडली. लहानपणी एडिंबरामध्ये घोडागाडीच्या अपघातात त्याच्या कवटीचं हाड आत दबलं होतं. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्या १३ दिवसांत त्याला २,८७० झटके आले. कुणीतरी ते एकेक करून मोजले होते. झटका शरीराच्या कुठल्या भागातून सुरू होतो आणि कसा पसरतो, यावरून मेंदूतली बिघडलेली जागा ओळखता येते, असं ह्यूलिंग्ज जॅक्सन सांगत आला होता. हॉर्स्लीने तिथला व्रण कापून काढला आणि झटके थांबले.

फेफऱ्याच्या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास साधारण इथून सांगतात. त्यात एक माणूस सहसा येत नाही. त्याचं ऑपरेशन यशस्वी झालेलं असतं, वर्षभर एकही झटका आलेला नसतो, डॉक्टर औषधं कमी करू लागलेले असतात. आणि एके दिवशी बँकेच्या रांगेत उभ्याउभ्या तो कोसळतो. घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘परत सुरू झालं.’ पण नक्की काय परत सुरू झालं?

मराठीत पडण्याला शब्दांचा तोटा नाही. भोवळ, घेरी, मूर्च्छा, आकडी, फेफरं. चरक-सुश्रुतांच्या संहितांतही मूर्च्छा आणि अपस्मार यांची प्रकरणं वेगळी आहेत. मग ‘फीट’ हा शब्द आला आणि त्याने सगळ्यांना एका पोत्यात घातलं. एकदा कपाळावर ‘फीट’ लागली की पुढचं प्रत्येक पडणं त्याच खात्यात जमा होतं. हे खातं साधं नव्हतं. वारंवार फेफरं येणाऱ्या व्यक्तीच्या विवाहाला हिंदू विवाह कायद्यात आडकाठी होती, आणि ‘फेफरं’ हा शब्द त्या कलमातून १९९९ साली निघाला.

हा गुंता ज्याला सर्वांत नीट दिसला तो विल्यम गॉवर्स त्याच क्वीन स्क्वेअरचा. १८८७ मध्ये मणक्यातली गाठ त्याने ओळखली आणि हॉर्स्लीने काढली, अशी ही जोडी. गॉवर्सला लघुलिपीचं वेड होतं. डॉक्टरांनी ती शिकावी म्हणून त्याने संस्थाच काढली. रुग्ण जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरावं, हा ध्यास. १९०७ मध्ये त्याने फेफऱ्याच्या सीमाप्रदेशावर एक छोटं पुस्तक लिहिलं. भोवळ, चक्कर, अर्धशिशी, झोपेतले विकार अशी फेफऱ्याच्या वेशीबाहेर राहणारी, पण रात्री-अपरात्री वेशीतून आत आल्यासारखी वाटणारी मंडळी त्यात आहेत. ‘व्हॅसोव्हेगल’ हा शब्द त्याने वापरला होता. टॉमस लुईसने १९३२ मध्ये तो साध्या भोवळीला लावला. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो, मेंदूला क्षणभर रक्त पुरत नाही आणि माणूस पडतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे पोचतं आणि तो उठतो.

इतकं सोपं असतं तर वेस आखून मोकळं होता आलं असतं. पण १९०६ मध्येच आल्फ्रेड रसेल या डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं होतं, की फेफऱ्याचा झटका सुरू होताना रुग्णाची नाडीच लागेनाशी झाली. म्हणजे मेंदूतला झटका हृदय थांबवू शकतो आणि मग त्या थांबण्याने भोवळ येते. भोवळही खरी, फेफरंही खरं. ही गोष्ट दुर्मीळ आहे. पण ऑपरेशननंतर मेंदूत थोडी बिघडलेली जागा शिल्लक असेल तर कोसळण्यामागे हेही असू शकतं.

मग यंत्रं आली. येना शहरात हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती छापली. आता साक्षीदाराची गरज संपली, असं अनेकांना वाटलं असणार. पण ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या बाबतीत या यंत्राची एक खोड आहे. कवटीला जिथे खिडकी पाडली तिथे हाडाचा अडसर राहत नाही, त्यामुळे त्या भागातल्या लहरी उंच आणि टोकदार उमटतात. १९७९ मध्ये कॉब आणि सहकाऱ्यांनी याला ‘ब्रीच रिदम’ म्हटलं. भगदाडाची लय म्हणू. सराव नसलेल्या डोळ्यांना ती फेफऱ्याची खूण वाटते. म्हणजे बरं करायला पाडलेलं भोकच रोग परत आल्याची साक्ष देतं. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत क्रूर विनोद वाटतो.

दुसरी फसगत डोळ्यांची. हातपाय झटकले म्हणजे फीट, अशी आपली खात्री. १९९४ मध्ये लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमध्ये निरोगी माणसांना मुद्दाम भोवळ आणून तिचं चित्रीकरण केलं. पूर्ण शुद्ध गेलेल्या ४२ जणांपैकी सुमारे ९० टक्क्यांचे स्नायू झटकले होते. सरासरी १२ सेकंदांचा खेळ! बघणाऱ्याला तो केवढा लांब वाटतो.

टेबलाला बांधून उभं करून भोवळ आणण्याची टिल्ट चाचणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, हॉर्स्लीच्या ऑपरेशननंतर बरोबर शंभर वर्षांनी. २००० मध्ये मँचेस्टरच्या झैदी आणि सहकाऱ्यांनी फेफऱ्याचं निदान झालेल्या, तरी झटके चालू असलेल्या ७४ जणांना हृदयाच्या तपासण्यांतून नेलं. ३१ जणांच्या झटक्यांना वेगळं कारण निघालं.

उरलेल्यांतही एक गट असतो ज्याच्या मेंदूत वीज भडकत नाही आणि हृदयही चुकत नाही. तरी माणूस पडतो, आणि तो सोंग करत नसतो. मेलबर्नच्या पीटर ब्लेडिन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याकडे नीट पाहिलं, तेव्हा त्यांना ‘बरं असण्याचं ओझं’ दिसलं. वीस वर्षं जो आजारी म्हणून जपला गेला, त्याच्याकडून एका सकाळी नोकरी, गाडी, लग्न या सगळ्यांची अपेक्षा सुरू होते. त्याच्या प्रत्येक पडण्याचं कारण हे नव्हे. पण विचारायला हवं ते हेही.

त्यामुळे आज तज्ज्ञ पुन्हा साक्षीदाराकडेच वळले आहेत. मोबाइलवर चित्रीकरण करा, म्हणतात. चेहरा पांढरा पडला का, डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले, जीभ चावली का, उठल्यावर लगेच ओळखलं की अर्धा तास भ्रमात होता? पडण्याआधी तो उभा होता का, काही औषध नवं सुरू केलं होतं का? फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिनही काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतं. गॉवर्सने लघुलिपीत उतरवून घेतला असता तो हाच तपशील. आपल्याकडे मात्र एक जण कांदा आणायला धावतो, दुसरा चप्पल नाकाशी धरतो आणि तिसरा त्याला उचलून खुर्चीत बसवतो. भोवळ असेल तर बसवल्याने रक्त पुन्हा पायांकडे उतरतं, शुद्ध यायला वेळ लागतो आणि हातपाय झटकू लागतात. मग दवाखान्यात सगळे एका सुरात सांगतात, फीट आली होती.