वही वसुलीची, वाटप मदतीचं

सरकार शेतकऱ्याच्या बँक खात्यात थेट पैसे टाकतं, तेव्हा शेतकरी कोण हे कसं ठरतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: ज्याच्या नावावर जमीन, तो. महाराष्ट्रात सातबारा बघतात, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, तेलंगणात पट्टादार पासबुक. ही कसोटी आली कुठून, ते आज पाहू.

1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची नवी जमीन आकारणी इंदापूर तालुक्यात लागू झाली. सरकारला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की या शेताचा सारा कोणाकडून घ्यायचा? त्याचं नाव वहीत चढलं, तो खातेदार. नांगर कोण धरतो, हा त्या वहीचा प्रश्नच नव्हता. पुढे 1883 आणि 1884च्या कायद्यांनी तगाई कर्जाची घडी बसवली. तिचीही वसुली जमीन महसुलासारखी. म्हणजे मदत मागणाऱ्याकडे जमीन तरी हवी, नाहीतर जामीन तरी.

स्वातंत्र्यानंतर कुळांना न्याय देण्याचा मोठा प्रयत्न झाला. मुंबई राज्याचा कुळकायदा 1948चा. 1 एप्रिल 1957 हा त्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारी कुळं मालक ठरू लागली. अनेकांच्या घरी पहिल्यांदा जमीन आली, हे विसरून चालणार नाही. पण उरलेले मालक सावध झाले. कुळाचं नाव लागलं तर जमीन जाईल, ही भीती बसली. मग खंड, बटई, अर्धेली, सगळं तोंडी सुरू झालं. कायद्याला ज्याचं रक्षण करायचं होतं, तोच कागदावरून नाहीसा झाला.

आता 2018कडे या. त्या वर्षी मे महिन्यात तेलंगणात रयतु बंधू योजना सुरू झाली: एकरी, हंगामाला 4000 रुपये, पुढे 5000. जमिनीला कमाल मर्यादा नाही. त्यामुळे मोठा खातेदार हैदराबादेत राहत असला तरी त्याला एकराच्या हिशेबाने पैसे मिळाले आणि त्याचं शेत खंडाने करणारा कौलू रयतू यादीबाहेर राहिला. फेब्रुवारी 2019मध्ये पीएम-किसान आली: वर्षाला 6000 रुपये, तीन हप्त्यांत. सुरुवातीला 2 हेक्टरपर्यंतच्या कुटुंबांना, काही महिन्यांतच सगळ्या जमीनधारक कुटुंबांना. प्राप्तिकर भरणारे वगळले; पण जमीन नावावर नसलेला कसणारा आधीच बाहेर होता.

सरकारची अडचणही समजून घ्या. नोंदी तयार होत्या, आधार होतं, बँक खाती होती. पैसे लवकर पोचवायचे तर हाताशी असलेलीच वही उघडली जाणार. दोन एकरांच्या मालकाला त्याचा आधारही झाला. पण दुष्काळ पडला, तर खंडकऱ्याचा खंडही जातो, बियाणं-खतही जातं आणि हप्ताही मालकाच्या खात्यात जातो.

वेगळी वाट दिसते ती पूर्वेकडे. पश्चिम बंगालने 1978पासून ऑपरेशन बर्गा राबवून सुमारे 14 लाख बटाईदारांची नावं नोंदवली. म्हणूनच 2019च्या कृषक बंधू योजनेत नोंदलेल्या बर्गादारालाही जागा मिळाली. ओडिशाच्या कालिया योजनेने बटाईदारांबरोबर भूमिहीन कुटुंबांनाही धरलं. शेळीपालनासारख्या जोडधंद्याला 12,500 रुपये ठेवले. आंध्रने 2019मध्ये कसणाऱ्यासाठी 11 महिन्यांच्या कराराचा कायदा केला. मालकी हक्काला धक्का नाही, असं त्यात लिहिलं आहे. तरी करारावर मालकाची सही लागते, आणि गाडी तिथेच अडते.

तेव्हा खरी गरज आहे ती मालकीची नोंद आणि कसण्याची नोंद वेगळी करण्याची. मालकाला जमीन जाण्याची भीती नको आणि कसणाऱ्याला नाव लपवायची पाळी नको. ती नोंद होईपर्यंत रक्कम कितीही वाढवा, पैसे वसुलीच्या वहीतल्या नावावरच जातील.

तुम्ही बडोद्यात असा, इंदुरात असा की बेळगावात. गावाकडे तुमच्या नावावर शेत असेल तर एकदा विचारा, यंदा ते कोण करतंय आणि हप्ता कोणाला आला. भेटू पुढच्या भागात.