गोलाचा ओढ गुणांक : संगणकीय गणनेतील चुका

प्रवाहात ठेवलेल्या गोलावरील ओढबलाला घनता, वेगाचा वर्ग आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराच्या निम्म्याने भागले की ओढ गुणांक मिळतो. संगणकीय प्रतिरूपणातले उत्तर पटेनासे झाले, की जाळी बारीक करत बसण्याआधी हे क्षेत्रफळ तपासावे. रेनल्ड्स अंक 100 असताना गुणांक सुमारे 1.09 यायला हवा. तो 0.27 आला, तर वर्तुळाच्या क्षेत्रफळाऐवजी गोलाचे संपूर्ण पृष्ठफळ, म्हणजे चौपट आकडा, वापरला गेलेला असतो. सममितीमुळे अर्धाच गोल घेतला आणि बल दुप्पट करायचे राहिले, तर 0.55 येतो, घर्षण सोडून केवळ दाबाचे बल मोजले, तरी 0.51 च्या आसपास. या दोन चुका एकमेकींसारख्या दिसतात आणि म्हणूनच फार फसवतात. दाब व घर्षण वेगवेगळे छापून घेतले की उलगडा होतो.

गुणांक थोडाच जास्त असेल, तर बाजूच्या सीमा गोलाच्या फार जवळ आहेत का ते पाहावे. अंक सुमारे 280 च्या पुढे गेला, की गोलामागचा प्रवाह काळानुसार बदलतो. तेथे स्थिर गणना न करता कालसरासरी घ्यावी. ताळ्यासाठी स्टोक्सचे 1851 चे सूत्र, 24 भागिले रेनल्ड्स अंक, हा अंक 1 पेक्षा बराच लहान असतानाच वापरावे.