सुरपूरचे बेरड आणि दोन पुस्तके

अमेरिकेतील नवाहो लोकांची ओळख पुष्कळ वाचकांस टोनी हिलरमन यांच्या रहस्यकथांतून झाली. हिलरमन स्वतः नवाहो नव्हते. परक्याने लिहिलेल्या पुस्तकातून एखादा समाज वाचणे कसे असते, हे पाहण्यासाठी मात्र आपल्याला इतक्या दूर जावयास नको.

कलबुर्गीहून भीमा ओलांडून दक्षिणेस गेले की सुरपूर लागते. पूर्वी कलबुर्गी जिल्ह्यात असलेले हे गाव आता यादगीर जिल्ह्यात मोडते. येथे बेरड नायकांचे संस्थान होते. औरंगजेबाचा अखेरचा मोठा वेढा याच घराण्याच्या वाकिनखेड्याला, 1705 साली. आणि पिड्या नायकाच्या मदतीस धनाजी जाधव धावून आले होते, हे मराठी वाचकास विसरता येणार नाही.

1841 साली मेडोज टेलर हा निजामाच्या सैन्यातील इंग्रज अधिकारी येथे कारभार पाहण्यास आला. ठगांवरील कादंबरीने तो 1839 सालीच प्रसिद्धीस आला होता. बालराजा व्यंकटप्पा नायक त्याला ‘अप्पा’ म्हणे. 1853 साली राज्य तरुण राजाच्या हाती देऊन टेलर नळदुर्गाकडे गेला. 1858 साली राजाने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले व तो पकडला गेला. टेलर तुरुंगात त्याच्या भेटीस गेला. राजाने साथीदारांची नावे सांगण्याचे नाकारले. मरावयाचेच असेल तर चोरासारखी फाशी नको, तोफेच्या तोंडी द्यावे, एवढेच त्याचे मागणे होते. फाशी टळली, शिक्षा चार वर्षांच्या कैदेवर आली. परंतु वाटेतच, सोबतच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलातील गोळीने त्याचा अंत झाला. अपघात की आत्मघात, हे उलगडले नाही.

टेलरच्या मृत्यूनंतर 1877 साली निघालेल्या आत्मचरित्रात हे सारे आहे, आणि आणखी एक गोष्ट आहे. राजा चोविसाव्या वर्षी जाईल, असे ब्राह्मणांनी त्याच्या लहानपणीच कुंडलीवरून सांगितले होते. वाचक येथे थबकतो; आम्हीही थबकलो. परंतु ग्रहांचा हिशेब जुळला म्हणून पुस्तक मिटणे बरे नव्हे. कुंडली जमेस धरली की राज्य बुडाल्याचा दोष कोणावरच राहत नाही; 1860 साली इंग्रजांनी सुरपूर निजामाच्या पदरात घातले, ते काही ग्रहांनी नव्हे. टेलरचे प्रेम खरे होते, यात संशय नाही. तरीही त्या पुस्तकात राजा बोलतो तो टेलरच्या कानांना ऐकू येईल तेवढेच.

दुसरे पुस्तक यायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. बेळगावजवळील बेरड घरात जन्मलेले भीमराव गस्ती (निधन 2017) यांनी ‘बेरड’ हे आत्मकथन मराठीत लिहिले. त्यात राजा नाही, कुंडली नाही. गावात चोरी झाली की पुरावा न पाहता पोलीस बेरडांच्या वस्तीत शिरतात, पुरुषांना बांधून नेतात, आणि मागे राहिलेल्या घरात चूल पेटत नाही. फाशी नको म्हणताना व्यंकटप्पाने ‘चोर’ हा शब्द का झिडकारला, हे गस्तींचे पुस्तक वाचून टेलरकडे परत आल्यावर कळते.