रात्रीचं पाणी

हातात बॅटरी, खांद्यावर खोरं, पायात गमबूट. रात्रीचा एक वाजलाय आणि पाटाचं पाणी या सरीतून त्या सरीत वळवायचंय. पश्चिम महाराष्ट्रात याला ‘दारं धरणं’ म्हणतात. जुन्नरच्या उसात दारं धरणाऱ्याचा एक कान पाण्याकडे असतो, दुसरा बिबट्याकडे. ‘या आठवड्याला लाइट रात्रीची आहे’ एवढं कळलं की घरातल्या झोपेचं, जेवणाचं, पाहुण्यांकडे जाण्याचंही वेळापत्रक बदलतं.

ही रूढी फार जुनी नाही. मोट पहाटे जुंपली जाई आणि उन्हं चढली की बैल सुटत. शेताला मध्यरात्री पाणी द्यायची सवय विजेनं लावली, आणि त्यामागे हिशेब होता तो कोळशाचा.

महाराष्ट्रातली सुरुवातीची मोठी वीज पाण्याची होती. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात पावसाचं पाणी अडवलं, नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरू लागल्या. पाण्याच्या विजेचा स्वभाव गरीब. नको असेल तेव्हा झडप बंद करायची, पाणी धरणात राहतं. १९६० मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढे कोयनेची वीजही आली. पण पंप, कारखाने, घरं वाढली तशी पाण्याची वीज पुरेना. एकलहरे, परळी, कोराडी, चंद्रपूर इथे कोळशाची केंद्रं उभी राहिली.

कोळशाचा बॉयलर हट्टी. रात्री विझवला आणि सकाळी पेटवला, असं त्याचं चालत नाही. आच कमी करता येते, तीही एका मर्यादेपर्यंत. इकडे शहर झोपलं की मागणी उतरते आणि वीज तर पोत्यात भरून ठेवता येत नाही. क्षणाक्षणाला जेवढी खपते तेवढीच तयार व्हावी लागते, नाहीतर जाळ्याची ५० हर्ट्झची लय बिघडते. तेव्हा रात्रीच्या विजेला गिऱ्हाईक शोधणं भाग होतं. कारखान्यांना त्यासाठी सवलत मिळाली. उच्चदाब ग्राहकाला रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट, असा दर कित्येक वर्षं होता. शेतकऱ्याला सूट देण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचं बिल अनेक ठिकाणी मीटरवर नाही, मोटारीच्या अश्वशक्तीवर. शिवाय त्याचा फीडर, म्हणजे शेताकडे जाणारी वाहिनी, कधी सुरू करायचा हे उपकेंद्राच्या हातात. रात्र त्याच्या वाट्याला न विचारता आली.

रात्री वीज शिल्लक असली तरी दिवसा आणि संध्याकाळी तंगीच होती. दाभोळनं तीत भर घातली. एन्रॉनच्या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि दराच्या भांडणात २००१ च्या मे महिन्यात बंद पडला. पुढच्या दशकात भारनियमन हा शब्द पोराबाळांना पाठ झाला. गावात दिव्यांपुरती सिंगल फेज सोडली, की कुणीतरी कंडेन्सर लावून त्यावरच मोटार ओढी. मग डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळे. शेवटी गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्यात आले. गावात उजेड राहिला, शेताची रात्र मात्र कायम झाली. त्यावर उपाय म्हणून स्टार्टरच्या पेटीत ऑटोस्विच आला: लाइट आली की मोटार आपोआप सुरू. मोटार सुरू झाली तरी दारं धरायला माणूस लागतोच.

दरम्यान विजेचा बाजार उभा राहत होता. २००३ च्या वीज कायद्यानं वाट मोकळी केली, २००५ मध्ये मंडळाची निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी वाटणी झाली, आणि जून २००८ मध्ये इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झालं. तिथे उद्याच्या विजेचा आज लिलाव होतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र भाव. विकणाऱ्यांच्या बोल्या स्वस्ताकडून महागाकडे लावायच्या; मागणी जिथे भागते तिथली बोली साऱ्यांचा भाव ठरवते. समजा दोन, तीन आणि पाच रुपयांच्या बोल्या आल्या आणि तिसरीशिवाय भागत नसेल, तर दोन रुपये मागणाऱ्यालाही पाचच मिळतात.

या रांगेत सूर्य शिरला आणि घड्याळ उलटं झालं. २०१० च्या राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैसे होती. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानात भडल्यासाठी २ रुपये ४४ पैसे लागली. उन्हाला इंधनखर्च नाही, म्हणून सौर वीज रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहते आणि दुपारचा भाव खाली ओढते. २०२५ च्या मे महिन्यात, अवकाळी पावसानं पंखे आणि एसी थंडावले असताना, एक्स्चेंजच्या तत्काळ, म्हणजे त्याच दिवशीच्या, बाजारात दुपारचा दर काही वेळा शून्याच्या आसपास घसरला.

दिवसाच्या विजेसाठी शेतकरी वर्षानुवर्षं भांडत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी कोल्हापुरात वितरण कंपनी महावितरणच्या दारात धरणं धरलं होतं. त्या आंदोलनांचं मोल आहेच. पण मागणी मान्य करणं परवडू लागलं ते दुपारची वीज स्वस्त झाल्यावर. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा, मोठा अवतार निघाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज तिथल्याच शेती फीडरला द्यायची, अशी तिची रचना. जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा.

महागाई आता सूर्यास्तानंतर सुरू होते. सातच्या सुमाराला घराघरांत दिवे लागतात, सौर वीज शून्यावर आलेली असते आणि एक्स्चेंजचा भाव कित्येकदा दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. या वेळेसाठी वीज पाण्याच्या रूपात साठवून ठेवता येते. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. रात्रीच्या शिलकी विजेवर पाणी वर चढवायचं आणि मागणीच्या वेळी कोकणाच्या बाजूला सोडून वीज करायची, या हिशेबानं तो बांधला गेला. राज्यानं २०२३ च्या अखेरीस उदंचनाचं नवं धोरण मंजूर केलं आणि सह्याद्रीत अशा आणखी जागा शोधल्या जात आहेत. फरक एवढाच, की तिथे पाणी वर चढवायची वेळ आता भर दुपारची असेल.